न जन्मलेल्या आश्रुबाचा फोटो

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, देवगाव फाट्याजवळच्या मंडपात, आठ वर्षांपूर्वी वारलेले कल्याणराव प्रिंटरमधून बाहेर आले.

एकदम आले नाहीत. आधी कागद सरकत आला तो नुसता पिवळा. त्यावर चटईवर बसलेल्या बाईची पिवळी आकृती आणि तिच्यामागे उभी एक पिवळी सावली.

"हळद!" व्यासपीठावरून छायानंद महाराज गरजले. "आत्मा आधी हळदीत न्हातो!"

कागद आपोआप परत आत गेला. दुसऱ्यांदा आला तो तांबूस होऊन.

"कुंकू!"

तिसऱ्यांदा त्यात निळा उतरला आणि माणसं माणसांसारखी दिसू लागली. "आकाश! वरून यायचं म्हणजे टाइम लागतो, माउली. एसटी हाय का ती, हात केला की थांबायला?" मंडप हसला. चौथ्यांदा कागद आत जाऊन आला तेव्हा चकाकत होता. "आता कवच चढलं. आता त्याला कुणाची नजर लागणार न्हाई."

महाराजांनी कागदावर चिमूटभर भस्म टाकलं, फुंकलं आणि तो पहिल्या रांगेतल्या चन्नबसम्मांच्या हातात दिला. फोटोत त्या स्वतः होत्या, थोड्या वेळापूर्वी कॅमेऱ्यासमोर बसल्या होत्या तशाच, गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून. आणि मागे कल्याणराव. पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे थेट समोर.

"पटली का वळख, माय?"

 चन्नबसम्मांनी फोटो कपाळाला लावला.

"चितेच्या धुराबरोबर गेलेला माणूस तुझ्यासाठी माघारी आलाय. काय म्हणायलाय, ऐक. सुया टोचून घेऊ नको म्हणायलाय. मी पाठीशी उभा हाय म्हणायलाय."

चारशे माणसांनी एका आवाजात जयजयकार केला. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या वैजयंतीने तो केला नाही. ती चन्नबसम्मांची मुलगी, आईला न्यायला आली होती. त्या दिवशी सेलूला रक्तातली साखर तपासायची ठरलेली होती आणि भाऊ शिवकांत आईला गुपचूप इकडे घेऊन आला होता.

दोन गोष्टी तिला तिथल्या तिथे खटकल्या. पहिली, त्यांच्या लिंगायत घरात माणसाला जाळत नाहीत. कल्याणरावांना बसवून, तळहातावर लिंग ठेवून पुरलं होतं. चिता नव्हती, धूर नव्हता. दुसरी, तो प्रिंटर. तसाच प्रिंटर सेलूतल्या तिच्या दुकानात पासपोर्टचे फोटो काढतो. त्याच्यातूनही कागद आधी पिवळा येतो, मग तांबडा मिसळतो, मग निळा, आणि शेवटी पाणी लागू नये म्हणून वर पारदर्शक थर चढतो. शाळेतल्या पोरांचे फोटो रोज असेच हळदीत न्हाऊन येतात. आजवर एकाही पालकाने नारळ फोडला नव्हता.

तिसरी गोष्ट तिला घरी गेल्यावर दिसली. तिने वडिलांचं भिंग काढलं आणि फोटोवर टेकवलं. कल्याणरावांच्या दोन्ही बुबुळांत दोन-दोन समांतर पांढऱ्या रेघा होत्या. तिच्या दुकानाच्या छताला असलेल्या जोडट्यूबलाइटच्या. मंडपात ट्यूबलाइट नव्हती. स्वर्गात असल्याचं कुणी सांगितलेलं नाही.

ते डोळे वैजयंतीचे होते.

इथे या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. कल्याणरावांचा सेलूत छापखाना होता. शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका आणि जत्रेची हँडबिलं छापायची, आणि फोटो छापायचा तर त्याचा जस्ताचा ब्लॉक बाहेरगावाहून करून आणायचा. नवरदेवाच्या गालावरचा देवीचा व्रण घालवायचा असला तर ते मूळ फोटोवरच बारीक ब्रश चालवत. हात हलला की फोटो गेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी वापरलेला कॉम्प्युटर आणला, त्यात फोटोशॉपची एक जुनी आवृत्ती होती. चूक झाली तर तिच्यात एकच पाऊल मागे जाता यायचं. "हात लावायच्या आधी दहादा बघ," ते वैजयंतीला सांगत, "माघारी फिरायला एकच पाऊल मिळतंय." पुढच्या आवृत्त्यांत हवं तितकं मागे जाता येऊ लागलं. त्याआधीच थर आले होते: एक चित्र काचेवर काढावं तसं दुसऱ्यावर ठेवायचं, मागचं पुढे करायचं, पुढचं मागे. इथली चामडी तिथे डकवणारा ब्रश आला. आता तर नुसतं लिहून सांगितलं की यंत्र मागचं आभाळ बदलून देतं.

खिळे भंगारात गेले, फ्लेक्स आला. आणि फ्लेक्सबरोबर एक नवीन काम आलं. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं की फाट्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागतो, वर्षाच्या वर्षाला पुण्यस्मरणाचा. पण अनेकांचा जिवंतपणी धड फोटोच काढलेला नसतो. मग नातेवाईक मरणानंतर फोनवर काढलेला फोटो आणतात, डोळे मिटलेला. म्हणून जिल्ह्यातल्या बऱ्याच दुकानांसारखी वैजयंतीच्या दुकानातही पाटी आहे: 'डोळे उघडून मिळतील.' भावाचे, मुलाचे, जवळच्या कुणाचे तरी डोळे घ्यायचे आणि बसवायचे. घरच्यांना हे माहीत असतं. फ्लेक्स टांगेपर्यंत ते विसरतात.

कल्याणरावांचा एकच चांगला फोटो होता. पुतण्याच्या लग्नातला, खळखळून हसताना, डोळे गच्च मिटलेले. वैजयंतीने त्यांचं तोंड मिटवलं आणि आपले डोळे त्यांना दिले. तोच फोटो घरात भिंतीवर होता. तोच दरवर्षी शिवकांत फाट्यावर टांगायचा. महाराजांच्या माणसांनी तिथूनच तो फोनवर उचलला होता. म्हणून तर भक्तांना आठवडाभर आधी नाव, गाव आणि मरणाची तारीख द्यावी लागायची. महाराज त्याला 'साधनेचा आठवडा' म्हणत.

"आई, हे डोळे माझे हायत," वैजयंती म्हणाली.

"लेकीचे डोळे बापावर गेल्यावर त्यात नवल काय?"

"तसं न्हाई. मी काढून लावलेत. कॉम्प्युटरवर."

"ताई, तुला कशातच देव दिसत न्हाई," शिवकांत म्हणाला. "बाप दारात येऊन उभा राहिला तरी तू त्याचं आधारकार्ड मागशील."

"मागीन. त्याच्यावर तरी डोळे त्याचे असतील."

चन्नबसम्मांनी त्या दिवसापासून इन्सुलिन बंद केलं. वैजयंती ओरडली, रडली, पाया पडली. आई म्हणे, "त्यांचा शब्द मोडू का मी?" पावसाळ्याच्या तोंडावर शेताच्या बांधावर बाभळीचा काटा पायात गेला. साखरेने पाय आधीच बधिर झाला होता, त्यांना कळलंही नाही. कळलं तेव्हा वास येत होता. परभणीला गुडघ्याखाली पाय कापावा लागला. दवाखान्याने तो कापडात गुंडाळून नातेवाइकांच्या हवाली केला. शिवकांतने तो गावाकडे नेऊन वडिलांच्या समाधीशेजारी पुरला. खड्डा खोदताना वैजयंती उभी होती. तिथे ती रडली नाही. वडील सांगत ते माघारी फिरायचं एक पाऊलही आईला मिळालं नव्हतं, आणि हे कुणाकडून वसूल करायचं ते तिला पक्कं माहीत होतं.

खाटेवर शुद्धीत आल्यावर चन्नबसम्मा म्हणाल्या, "बघ, ते पाठीशी होते म्हणून जिवावरचं पायावर गेलं."

घरी आल्यावर त्यांनी पुन्हा सुई नाकारली. उरलेल्या पायाच्या अंगठ्यावर फोड आला होता.

जखमेची पट्टी बदलायला सुकेशनी यायची. वालूरची, दवाखान्यात परिचारिका, बोलायला फटकळ. फोड बघून ती वैजयंतीला अंगणात घेऊन गेली. "महिनाभर सुई न्हाई घेतली तर हाही पाय जाणार. तुमी पोलिसात जा."

"जाणार. पण आधी मंडपात जायचंय. पोलिसांनी नेला तर आई म्हणल, संतांना छळलं. त्याला आईच्या डोळ्यांसमोर उघडा करायचा. सगळ्या गावासमोर." मग तिने विचारलं, "तू विधवा होशील का?"

सुकेशनीने आधी सगळा बेत विचारला. मग सगळं ऐकल्यावर हसायला लागली. "होते की. माझा नवरा घरी भाजी निवडायलाय. त्याला कळलं तर म्हणल, मारलंस ते मारलंस, निदान फोटो तरी चांगला लावायचा."

वैजयंतीने माणूस बनवला. यंत्राला सांगितलं असतं तर त्याने आख्खा चेहरा क्षणात काढून दिला असता, पण तिने हातानेच जोडला; तिला त्यात एक गोष्ट नेमकी हवी होती. कपाळ शिवकांतचं, नाक स्वतःचं, हनुवटी सुकेशनीच्या नवऱ्याची, त्याच्या संमतीने. मिशी कुणाचीच नाही. आणि डोळे छायानंद महाराजांचे, फाट्यावरच्या त्यांच्याच वीस फुटी स्वागत-फ्लेक्सवरून उचललेले. महाराजांच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा एक ठिपका होता. भक्त त्याला 'तिसऱ्या नेत्राची ठिणगी' म्हणत आणि महाराज प्रवचनात पापणी ओढून तो दाखवत.

माणसाचं नाव ठेवलं आश्रुबा, आणि सुकेशनीने ते आपल्या मेलेल्या नवऱ्याचं म्हणून गाव-तारखेसह महाराजांच्या माणसांकडे नोंदवलं. त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स वालूरच्या बाजारात लागला. दोन दिवसांत कुणीतरी त्याला हार घातला. चहाच्या टपरीवर एक म्हातारा सुकेशनीलाच सांगू लागला, "लय गुणाचा होता आश्रुबा. माझ्या बरोबरीचा. कधी कुणाला वर तोंड करून बोलला न्हाई."

"बोलणार कसा," सुकेशनी म्हणाली, "त्याला जन्मल्यापासून तोंडच मिटलेलं."

पुढच्या सोमवारी मंडप भरला होता. वैजयंतीने आईला चाकाच्या खुर्चीतून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. शिवकांतला वाटलं, ताईला उपरती झाली. महाराजांनाही तसंच वाटलं.

"आली का लेक सरळ मार्गाला? माय, तुझा पाय गेला म्हणून रडू नको. तो वरती पोचलाय. तुझा धनी त्या पायावर डोकं ठेवून झोपतो."

वैजयंतीने मुठी पदराखाली घेतल्या.

सुकेशनी कपाळ पुसून कॅमेऱ्यासमोर बसली. फोटो निघाला. आरती सुरू झाली. व्यासपीठामागच्या भगव्या पडद्याआड प्रिंटरची जी वायर गेली होती तिच्याकडे टाळ्या वाजवणारं कुणी बघत नव्हतं. आरती संपता संपता प्रिंटर घरघरला. हळद आली. कुंकू आलं. आकाश आलं. कवच चढलं. आणि सुकेशनीच्या मागे पांढऱ्या सदऱ्यात आश्रुबा उभा राहिला.

"पटली का वळख?"

"पटली की, महाराज. हेच ते. पण कशानं गेले ते विचारता का? मला शेवटपर्यंत कळलं न्हाई."

महाराजांनी डोळे मिटले. "छातीत कळ आली म्हणायलाय. पोरांना सांभाळ म्हणायलाय. गोळ्या-औषधं नदीत सोड म्हणायलाय."

"आणि जन्मले कधी, ते विचारता का?"

"जन्म-मरण एकच हाय, माय."

"यांच्या बाबतीत न्हाई, महाराज," सुकेशनी उभी राहिली. "मेलेत ते वालूरच्या फ्लेक्सवर. जन्मलेच न्हाईत."

हसावं की भ्यावं हे मंडपाला कळेना. वैजयंती पुढे आली. तिने सुकेशनीच्या हातातला फोटो घेतला, आईच्या मांडीवर ठेवला आणि वर वडिलांचं पितळी भिंग ठेवलं. कल्याणराव छपाईचे ठिपके बघायला तेच वापरत. चन्नबसम्मांना ते ओळखीचं होतं.

"आई, तू बघ. मी काय बी बोलत न्हाई. त्याचा डावा डोळा बघ."

चन्नबसम्मा वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग मान वर करून त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

"ठिपका हाय," त्या म्हणाल्या. "तांबडा. ह्या महाराजावाणी."

"काय म्हणायलीय म्हातारी?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मेलेल्याला ह्याचेच डोळे हायत!" पहिल्या रांगेतून उत्तर गेलं.

फोटोसकट भिंग हातोहात फिरलं. पहिल्या रांगेतल्या एका भक्ताने महाराजांना पापणी ओढायला सांगितलं. महाराज म्हणाले, हा नास्तिकांचा डाव आहे, सैतानी दृष्टी आहे, प्रिंटर बाटवला आहे. वैजयंतीने तेवढ्यात प्रिंटरचं झाकण उघडलं आणि आतली रंगाची फीत बाहेर ओढली. ओढतच राहिली. कोंबडी साफ करताना आतडं निघावं तशी ती निघत राहिली, पिवळी, तांबडी, निळी. अशा प्रिंटरच्या वापरलेल्या फितीवर छापलेल्या प्रत्येक चित्राची उलटी सावली राहते. ऊन तिच्यातून आरपार गेलं आणि त्या दिवशी आलेले सगळे मेलेले एकामागोमाग एक दिसले.

"ही तुमची हळद. हे कुंकू. हे आकाश," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तोच जास्त लागत होता. "माझ्या दुकानात असाच प्रिंटर हाय. मेलेल्या माणसाचा फोटो काढता येत न्हाई. जिवंत माणसाच्या फोटोत मेलेला घालता येतो. मी पोटासाठी रोज घालते, दारावर पाटी लावून घालते. मी फोटो देते आणि घरी पाठवते, कुणाचं औषध काढून घेत न्हाई. यानं माझ्या आईचं औषध काढून घेतलं. तिचा पाय काढून घेतला." ती महाराजांकडे वळली. "आता एकच काम करा. इथल्या कुणाचंही माणूस आत्ता बोलवा. नाव आमी आत्ता सांगतो. आठवडा मिळणार न्हाई. मेलेल्याला यायला जमतंय तर त्याला आठवड्याची नोटीस कशाला लागते?"

कुणीतरी पडदा ओढला. मागे टेबल होतं, खुर्ची होती, अर्धा प्यालेला चहा होता आणि मोकळी लोंबणारी वायर होती. लॅपटॉप आणि तो चालवणारा माणूस गेला होता.

"बोलव की आता!" शिवकांत ओरडला. त्याचा आवाज फाटला. "माझ्या बापाला बोलव! पाय मागायचाय त्याच्याकडं माझ्या आईचा!" त्याला चौघांनी धरलं नसतं तर ही हकिगत वेगळ्या कलमाखाली लिहावी लागली असती. वैजयंतीने त्याला आवरा असं म्हटलं नाही. ती महाराजांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा पांढरा पडेपर्यंत ती बघत राहिली, आणि तिला बरं वाटलं.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंद झाला. महाराज जामिनावर सुटले. आपण 'आध्यात्मिक छायाचित्रण' करतो आणि लोकांनी औषधं स्वखुशीने सोडली, असं त्यांनी वकिलामार्फत कळवलं आहे. लॅपटॉप अजून सापडलेला नाही.

चन्नबसम्मांनी त्याच संध्याकाळी दंड पुढे केला. सुकेशनीने सुई टोचली. अंगठ्यावरचा फोड सुकतो आहे, पण पूर्ण भरलेला नाही.

"मला त्या दिवशीच कळलं होतं," त्या वैजयंतीला म्हणाल्या.

"काय?"

"तो चितेचा धूर म्हणाला. आपल्यात कुठं जाळतेत? मी ऐकलं आणि गप राहिले. म्हणलं, चुकला असंल बोलायला. मला बघायचं होतं ना त्यांना." मग भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, "वैजू, ह्या फोटोत तुझे डोळे हायत, तर त्यांचे कुठं गेले?"

"मिटलेले होते, आई. हसत होते ते."

"मग तोच लाव."

आता भिंतीवर तो हसणारा फोटो आहे. त्याच्याकडून कुणी निरोप घेत नाही.

परवा सोनपेठच्या आठवडी बाजारातून ओळखीच्या दुकानदाराने वैजयंतीला फोनवर एक फोटो पाठवला. तिकडे नवे कुणी महाराज आले आहेत, नाव वेगळं. फोटोत एक अनोळखी कुटुंब चटईवर बसलं आहे आणि त्यांच्यामागे एक अनोळखी म्हातारी उभी आहे. आश्रुबाच्या सदऱ्याच्या जागी तिचा पदर, बाकी मांडणी तीच. वैजयंतीने म्हातारीचा चेहरा मोठा केला. आणखी मोठा केला.

दोन्ही बुबुळांत दोन-दोन समांतर पांढऱ्या रेघा होत्या.